गोरोंगोझाचा हिशेब

तीस वर्षं मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलं. नैसर्गिक निवडीचा धडा आला की दरवर्षी इंग्लंडमधल्या पतंगाचं तेच उदाहरण मी द्यायचे. कारखान्यांच्या काजळीनं झाडांची खोडं काळवंडली, त्यांवर बसणारे पांढुरके पतंग पक्ष्यांच्या नजरेत भरू लागले, काळे वाचले आणि पाहता पाहता काळ्यांची संख्या वाढली. उदाहरण चोख आहे. मुलं ते वहीत उतरवून घेत, परीक्षेत लिहीत आणि विसरून जात. दूरदेशीचा तो पतंग जगला काय नि मेला काय, कुणाच्या जिवाला घोर नव्हता. खरं सांगायचं तर माझ्याही नव्हता.

निवृत्तीनंतर, २०२१ च्या ऑक्टोबरात, ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला एक शोधनिबंध वाचनात आला. मोझांबिकमधल्या गोरोंगोझा राष्ट्रीय उद्यानातल्या निम्म्या हत्तिणींना सुळे का नाहीत, याचा त्यात शोध घेतला होता. निबंध वाचून संपला तेव्हा मी उठून कपाटातली आजीची फणेरपेटी काढली आणि बराच वेळ ती उघडून बसले. त्या पेटीचं कारण पुढे येईलच. पण त्या दिवशी मनानं घेतलं की हे रान एकदा डोळ्यांनी पाहायचं.

माझा भाचा नोकरीनिमित्त मोझांबिकच्या किनाऱ्यावरच्या बेइरा शहरात राहतो. “मावशी, तू नुसती ये, बाकीचं मी बघतो,” असं तो कधीपासून म्हणत होता. गेल्या ऑगस्टमध्ये गेले. बेइराहून पश्चिमेला इन्शोपेपर्यंत मोठा रस्ता, तिथून उत्तरेला वळायचं आणि शेवटी धुळीच्या कच्च्या वाटेनं शितेंगो या उद्यानातल्या मुक्कामाच्या जागी पोचायचं. ऑगस्ट हा तिकडचा कोरडा काळ. पावसाळ्यात इथले रस्ते पाण्याखाली जातात आणि उद्यान बंदच ठेवावं लागतं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी हत्ती दिसले. पिवळ्या खोडांच्या बाभळींच्या राईतून दहा-बारा जणींचा कळप बाहेर पडला. आमच्या वाटाड्यानं गाडी बरीच लांब उभी केली. जवळ घ्यायला सांगितलं तर त्यानं नकारार्थी मान हलवली. “या म्हाताऱ्यांना गाडीचा आवाज आठवतो,” एवढंच तो म्हणाला. पुढे चाललेली हत्तीण थांबली, कान पसरून आमच्याकडे वळली. तिच्या तोंडाशी सोंडेखेरीज काही नव्हतं. तिच्या मागच्या हत्तिणीलाही सुळे नव्हते.

आपल्याला यात नवल वाटणार नाही. आपल्याकडे सुळे फक्त नरांना येतात, तेही सगळ्यांना नाही. बिनसुळ्याच्या नराला आपण मखना म्हणतो. हत्तिणींचे सुळे असलेच तर ओठाबाहेर जेमतेम डोकावतात. आफ्रिकेतल्या सॅव्हाना हत्तींची गोष्ट वेगळी. तिथे नर आणि मादी दोघांनाही लांब सुळे असतात. साल सोलायला, मुळं उकरायला, कोरड्या नदीपात्रात पाण्यासाठी खड्डा करायला ते कामाला येतात. बिनसुळ्याची हत्तीण तिथे अपवाद असायला हवी. गोरोंगोझात ती अपवाद राहिलेली नाही. असं का झालं ते कळायला आधी ही जागा समजून घ्यावी लागते.

डोंगर आणि तळं

पूर्व आफ्रिकेत जमीन दुभंगून जी प्रचंड खचदरी तयार झाली आहे, तिचं दक्षिण टोक मोझांबिकमध्ये येतं. गोरोंगोझा उद्यान त्या टोकाशी, दरीच्या तळावर वसलेलं आहे. क्षेत्र सुमारे चार हजार चौरस किलोमीटर. पूर्वेला शेरिंगोमाचं पठार, त्यात चुनखडकाच्या खोल घळी. पश्चिमेला, दरीच्या काठाबाहेर, एकटा उभा गोरोंगोझा पर्वत, उंची १,८६३ मीटर. हिंदी महासागरावरून येणारे ढग या पर्वताला अडतात आणि तिथेच रिते होतात. माथ्यावरची सदाहरित राई ते पाणी धरून ठेवते आणि वर्षभर थोडं थोडं सोडते. त्या पाण्याचे ओढे दरीत उतरतात आणि मधल्या सखल भागात उरेमा नावाचं उथळ तळं होतं.

घाटमाथ्यावर पडलेल्या पावसावर देशावरची शेतं जगतात, हे आपल्याला नवं नाही. इथेही तसंच. उन्हाळ्यात उरेमा आक्रसतं, पावसाळ्यात कित्येक पटींनी पसरून सगळं मैदान व्यापतं. पाणी ओसरलं की गाळावर कोवळं गवत उगवतं आणि त्या गवतावर हजारो जनावरं उतरतात. पूर जितका पसरेल तितकं गवत. पुराला आपण संकट म्हणतो, इथलं मैदान मात्र पुरावरच पोसलेलं आहे.

मैदानाच्या कडेनं ताडाच्या जातीची झाडं, पिवळ्या सालीच्या बाभळी, मग मिश्र जंगल. या जंगलात सगळीकडे वाळवीची वारुळं दिसतात. आपल्याकडे वारूळ म्हटलं की पुरुषभर उंचीचा मातीचा सुळका डोळ्यांपुढे येतो. इथली जुनी वारुळं म्हणजे छोट्या टेकड्याच. वाळवीनं खालून वर आणलेली माती सुपीक असते, पुरातही ती उंच राहते. त्यामुळे प्रत्येक वारुळावर दाट झाडीचं एकेक बेट उभं राहतं. त्या बेटांच्या सावलीत कुडू आणि न्याला ही आखीव पट्ट्यांची देखणी कुरंगं चरताना दिसली. मैदानाच्या मोकळ्या गवतात ती दिसत नाहीत. प्रत्येकाची जागा ठरलेली असते. ती कशानं ठरते, हा मुद्दा मागाहून घेते.

युद्धाआधी

१९२० साली पोर्तुगीज राजवटीत इथे शिकारीसाठी राखीव रान ठरवलं गेलं. १९६० मध्ये त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं. पूर्वी मैदानात पर्यटकांसाठी एक मुक्कामाची इमारत बांधली होती. पुरापायी ती सोडून द्यावी लागली आणि सिंहांनी तिचा ताबा घेतला. पडक्या घराच्या गच्चीवर बसलेल्या सिंहांच्या छायाचित्रांनी गोरोंगोझा जगभर प्रसिद्ध झालं.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस केन टिन्ली हा पर्यावरणशास्त्रज्ञ इथे आला. पर्वतापासून समुद्रापर्यंत पाण्याची वाट हे एकच एकक आहे आणि राखायचं तर सगळं मिळून राखावं लागेल, हे त्यानं मांडलं. त्या काळात झालेल्या विमानातून केलेल्या गणनेत रानम्हशी तेरा-चौदा हजार, पाणघोडे तीन हजारांवर आणि हत्ती अडीच हजारांवर भरले. या जनावरांच्या वजनानं मैदान वाकलेलं होतं म्हणा ना.

१९७५ साली मोझांबिक स्वतंत्र झाला आणि दोनच वर्षांत यादवी पेटली. एकीकडे फ्रेलिमोचं सरकार, दुसरीकडे आधी ऱ्होडेशियाच्या आणि मग वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेच्या पाठबळावर लढणारी रेनामो. गोरोंगोझा देशाच्या मधोमध, लपायला जंगल, खायला जनावरं. रेनामोनं आपला मुख्य तळ इथेच जवळ थाटला. १९८१ च्या डिसेंबरात शितेंगोवर हल्ला झाला, १९८३ मध्ये उद्यान सोडून देण्यात आलं. सैनिकांनी जनावरं खाल्ली आणि हत्तींचे सुळे विकून पैसा आणि शस्त्रं उभी केली. १९९२ च्या ऑक्टोबरात रोममध्ये तह झाला, पण हातात बंदुका तशाच राहिलेल्या माणसांनी पुढची एक-दोन वर्षं मांसासाठी शिकार चालूच ठेवली.

या सोळा वर्षांत मोझांबिकमध्ये सुमारे दहा लाख माणसं गेली असं मानतात. काही लढाईत, पुष्कळ उपासमारीनं. जनावरांचा आकडा सांगण्याआधी हा आकडा सांगायला हवा. गोरोंगोझातल्या मोठ्या प्राण्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक संपले. रानम्हशी दिसेनाशा झाल्या. बिबट्या, रानकुत्रे, तरस नाहीसे झाले. सिंह मोजके उरले. अडीच हजारांवरचे हत्ती शतकाच्या अखेरीस अडीचशेच्या आत आले होते.

सुळ्यांचं गणित

आता त्या निबंधाकडे येते. शेन कॅम्पबेल-स्टेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युद्धापूर्वीच्या जुन्या चित्रफिती पाहून हत्तिणी मोजल्या. त्या काळी १८.५ टक्के हत्तिणींना सुळे नव्हते. युद्धातून वाचलेल्या हत्तिणींत हे प्रमाण जवळजवळ ५१ टक्के निघालं. सगळेच हत्ती कमी झाले, त्यात योगायोगानं असं घडलं असेल का, हे त्यांनी गणितानं तपासलं. तशी शक्यता नगण्य होती. जिच्या तोंडात बंदूकवाल्याला हवी असलेली वस्तू नव्हती, ती हत्तीण जगण्याची शक्यता सुळेवालीच्या पाचपट होती.

पण एक कोडं उरत होतं. बिनसुळ्याचे नर गोरोंगोझात जवळजवळ दिसतच नाहीत. शिकाऱ्याला नराचे सुळे अधिक प्यारे, म्हणजे बिनसुळ्याचा नर तर आधी वाचायला हवा. तो होताच कुठे?

उत्तर गुणसूत्रांत सापडलं. मादीला दोन एक्स गुणसूत्रं असतात, नराला एक एक्स आणि एक वाय. सुळे येऊ न देणारा बदल एक्स गुणसूत्रावर आहे. मादीच्या एका एक्सवर तो असला तरी सुळे येत नाहीत. दुसरं एक्स धड असल्यामुळे बाकी शरीर सुरळीत वाढतं. नराजवळ मात्र दुसरं एक्स नसतं. ज्या नरगर्भाला हा बदल मिळतो तो जन्मापर्यंत पोचत नाही. बिनसुळ्याच्या हत्तिणींच्या पिल्लांत दर तीनांपैकी दोन माद्या आढळतात, याचा अर्थ तोच: होऊ शकणाऱ्या मुलग्यांपैकी निम्मे गर्भातच संपतात. सुळे असलेल्या आणि नसलेल्या हत्तिणींची जनुकं शेजारी ठेवून पाहिली तेव्हा ज्या जागी फरक दिसला, त्यांतलं एक जनुक दातावरचं कवच घडवण्याशी संबंधित निघालं. माणसांतही गुणसूत्राच्या याच भागात बिघाड झाला तर बाईच्या वरच्या पटाशीच्या दातांत दोष येतो आणि पुरुषगर्भ टिकत नाही. हत्तीचा सुळा म्हणजे मुळात वरचा पटाशीचा दातच.

मी वर्गात निवड शिकवताना ‘जो तगतो तो उरतो’ असं सांगत असे. तगण्याची किंमत कोण मोजतं हे मात्र कधी सांगितलं नाही. इथे हत्तिणीनं आपला जीव वाचवला, आणि तिच्या वंशात ती किंमत न जन्मलेले मुलगे मोजत राहिले.

युद्धानंतर जन्मलेल्या हत्तिणींत बिनसुळ्याच्या ३३ टक्के आहेत. म्हणजे पारडं पुन्हा हळूहळू वळतं आहे; पण युद्धापूर्वीच्या प्रमाणापेक्षा ते अजून पुष्कळ वर आहे. हत्तीची एक पिढी म्हणजे जवळजवळ माणसाची पिढी. सोळा वर्षांत जे झालं ते निस्तरायला किती पिढ्या लागतील ते त्यावरून समजावं.

फणेरपेटी

आणि १८.५ टक्के हा युद्धापूर्वीचा आकडा तरी मूळचा कुठे? जिथे शिकारीची झळ फारशी पोचलेली नाही तिथल्या आफ्रिकी कळपांत बिनसुळ्याच्या हत्तिणी शेकड्यात दोन-चार भरतात. मग गोरोंगोझात युद्धाआधीच एवढ्या कुठून आल्या? पुढचं मी लिहिते तो माझा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे.

मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातून चालत असे. दीवचे वाणी व्यापारी गुजरातचं कापड तिकडे नेत आणि हस्तिदंत इकडे आणत. एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेच्या हस्तिदंताची मोठी पेठ होती ती मुंबई. काही दात तिथून पुढे लंडनला जाई, काही काठेवाड-राजस्थानातल्या चुड्यांसाठी, फण्यांसाठी, सोंगट्यांसाठी कारागिरांकडे जाई. सौभाग्याचा चुडा लग्नात भरायचा आणि वैधव्यात फोडायचा, म्हणजे मागणीला खंड नाही. खुद्द गोरोंगोझात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सत्ता होती ती १८३५ साली गोव्यात जन्मलेल्या मानुएल आंतोनिओ द सौझा या माणसाची. तिकडे तो ‘गोवेया’ म्हणून ओळखला जाई. पोर्तुगिजांचं नाव आणि स्वतःची फौज अशा बळावर त्यानं लाकडी तटबंदीचं ठाणं इथे उभारलं. त्याच्या पदरी बंदूकधारी होते, आणि त्या मुलुखात सत्ता म्हणजे हस्तिदंत हे समीकरण ठरलेलं होतं. १८९२ मध्ये तो मारला गेला. आपल्याकडच्या इतिहासाच्या पुस्तकांत मला त्याचं नाव कधी आढळलं नव्हतं.

माझ्या आजीचं माहेर वेंगुर्ल्याचं. तिच्या फणेरपेटीत कुंकवाचा करंडा, मेणाची डबी आणि एक हस्तिदंती फणी आहे. फणीचा रंग जुन्या साईसारखा, दोन दात मोडलेले. लहानपणी आजी त्या फणीनं माझे केस विंचरायची आणि “हत्तीचा दात आहे हो, डोकं थंड राहतं,” म्हणायची. तो दात कुठल्या रानातला, हे कधीच कळायचं नाही. पण त्या काळी मुंबईच्या बाजारात येणारा बहुतेक दात आफ्रिकेतला असे, एवढं कळतं. आज आपल्याकडे हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे. १९९१ पासून आफ्रिकेतून आलेल्या दातावरही. फणी विकता येत नाही, विकायचीही नाही. पण गोरोंगोझातल्या हत्तिणीकडे मी निव्वळ पाहुणी म्हणून पाहू शकत नव्हते, ते या फणीमुळे.

पंचाण्णव टक्के

२००४ मध्ये ग्रेग कार या अमेरिकी दानशूरानं उद्यानाच्या पुनर्उभारणीसाठी मोझांबिक सरकारशी हात मिळवला, २००८ मध्ये वीस वर्षांचा करार झाला. बाहेरून रानम्हशी, विल्डबीस्ट, पाणघोडे, हत्ती आणले गेले. २०१८ साली चौदा रानकुत्रे आले. त्याच वर्षी एक नर बिबट्या आपणहून दिसला, तेव्हा ती मोठी बातमी ठरली.

त्याच वर्षीच्या गणनेवर आधारलेला एक आकडा मला फार विचार करायला लावतो. मैदानातल्या मोठ्या तृणभक्षकांचं एकूण वजन युद्धापूर्वीच्या जवळजवळ ९५ टक्के भरलं. ऐकल्यावर वाटतं, झालं, रान परत आलं. पण वजन कुणाचं ते पाहा. युद्धापूर्वी हत्ती, पाणघोडा, रानम्हैस, झेब्रा आणि विल्डबीस्ट या पाच प्राण्यांचं मिळून ८९ टक्के वजन होतं. २०१८ मध्ये ते २३ टक्के. उरलेलं बहुतेक सगळं वॉटरबक या एकाच जनावराचं. वॉटरबक म्हणजे पाण्याच्या आसपास राहणारं, शेपटाभोवती पांढरं कडं असलेलं दणकट कुरंग. युद्धापूर्वी ते साडेतीन हजारांच्या घरात होतं. २०१८ मध्ये सत्तावन्न हजारांच्या घरात.

उरेमाच्या काठी गाडी थांबवून मी पाहिलं. दुर्बिणीत मावतील तेवढे वॉटरबक, आणि मागे पुन्हा वॉटरबक. दृश्य भरगच्च होतं. भाचा म्हणाला, “मावशी, एवढी जनावरं मी आयुष्यात पाहिली नाहीत.” मीही पाहिली नव्हती. पण गावाला ओहोटी लागून रिकामी झालेली घरं पुढे एकाच कुटुंबानं घ्यावीत आणि खानेसुमारीत लोकसंख्या पूर्ववत दिसावी, तसं काहीसं ते होतं. युद्धात मोठे प्रतिस्पर्धी गेले, वाघरं गेली. जे लवकर वितं आणि पुराच्या गवतावर भागवतं, त्यानं मैदान घेतलं.

भक्षक नसले की जागा कशी बदलते याचाही इथे सुंदर अभ्यास झाला आहे. बुशबक हे लाजरं कुरंग एरवी झाडी सोडत नाही. बिबटे आणि रानकुत्रे नाहीसे झाल्यावर ते उघड्या मैदानात येऊन चरू लागलं आणि तिथल्या चविष्ट वनस्पतींवर तुटून पडलं. संशोधकांनी मैदानात बिबट्याचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकवला, भक्षकांची विष्ठा आणि मूत्राचा वास ठेवला. बुशबक मुकाट्यानं झाडीकडे वळले. मघाशी मी म्हटलं की प्रत्येकाची जागा ठरलेली असते. ती ठरवणाऱ्या गोष्टींत अन्नपाणी असतं तशी भीतीही असते.

सगळंच उलटं झालं असं मात्र नाही. आपल्या लाजाळूची एक थोराड, काटेरी चुलत बहीण आहे, मूळची अमेरिका खंडातली. चरणारी जनावरं संपल्यावर या झुडपानं गोरोंगोझाच्या मैदानात जाळं पसरलं. जनावरं वाढली तशी त्यांनी हे झुडूप खाऊन पुन्हा आटोक्यात आणलं. वॉटरबकही त्यात मोठ्या हिश्शानं होते. म्हणजे जे परत आलं ते जुन्यासारखं नसलं, तरी जुन्याची काही कामं ते करतं.

कुंपणाबाहेर

उद्यानाभोवतीच्या पट्ट्यात सुमारे दोन लाख माणसं राहतात. मक्याचं शेत हत्तींनी एका रात्रीत तुडवलं तर वर्ष कसं काढायचं, हा त्यांचा प्रश्न. युद्धात ज्यांनी जंगल खाऊन जीव जगवला त्यांची मुलं आज वॉटरबकसाठी तारेचा फास लावतात. फासात सिंहाचा पंजाही अडकतो. त्यांना नुसतं गुन्हेगार ठरवून भागत नाही.

पाण्याचं मूळ जो पर्वत, तो २०१० पर्यंत उद्यानाच्या हद्दीबाहेर होता. टिन्लीनं सांगून तीन-चार दशकं लोटल्यावर त्याचा सातशे मीटरच्या वरचा भाग उद्यानात आला. तोवर उतारावरची पुष्कळ राई मक्याच्या शेतीसाठी तोडली गेली होती. आता तिथे देशी झाडांच्या सावलीत कॉफी लावतात. कॉफीला सावली लागते, सावलीला झाड लागतं आणि कॉफीला भाव मक्याहून बरा. कागदावर सोपं दिसणारं हे काम युद्धाच्या सावटातच चाललं, कारण २०१३ नंतर याच डोंगरात रेनामो आणि सरकार यांच्यात पुन्हा गोळीबार सुरू झाला होता. २०१९ च्या मार्चमध्ये इदाई चक्रीवादळ बेइरावर आदळलं आणि शेकडो माणसं गेली, तेव्हा उद्यानाचे कर्मचारी गावोगाव धान्य पोचवत होते. त्याच वर्षी १ ऑगस्टला दोन्ही पक्षांनी शत्रुत्व संपवण्याच्या करारावर सह्या केल्या, त्या याच उद्यानात. ज्या रानानं युद्ध पोसलं त्या रानात ते संपवावं असं दोघांना वाटलं, याला मी मोल देते.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तो कळप पुन्हा दिसला. तीच बिनसुळ्याची हत्तीण पुढे होती. तिच्या अंगाला घासून एक सात-आठ वर्षांचं पोर चाललं होतं. वाटाड्या म्हणाला, “हा तिचा मुलगा.” त्याच्या ओठाबाहेर बोटभर पांढरे सुळे आलेले दिसत होते. त्याला आईचं धड एक्स मिळालं, म्हणून तो जन्मला, आणि म्हणूनच त्याला सुळे आले. पुन्हा कधी बंदुका निघाल्या तर आधी त्याच्यावरच रोखल्या जातील.

हत्तिणीनं कान पसरले, पण या वेळी ती वळली नाही. ती चरत राहिली आणि आम्ही अंतर राखून बसलो. परत आल्यावर मी फणी फणेरपेटीत ठेवली आणि तिच्याखाली एका चिठ्ठीवर चार ओळी लिहून ठेवल्या: ही कशाची आहे, कुठून आली असावी, आणि गोरोंगोझात काय झालं. पेटी पुढे भाचीकडे जाईल. नुसतं ‘डोकं थंड राहतं’ एवढं ऐकून ती तिनं वापरू नये, असं वाटलं.